आमच्या कंपनीच्या शोक रजेचा रिव्ह्यू, रजा घेऊन झाल्यावर लिहिलेला

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी तीन. त्यातला एक स्टार पूर्णपणे माझ्या मॅनेजरचा आहे, पॉलिसीचा नाही, ते पुढे येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी अजून तिथेच काम करते, आणि नाव कळून तसा कुणाचा फायदाही नाही, कारण ही रजा घेतल्यानंतर मी ओळखीच्या बऱ्याच जणांना त्यांच्या हँडबुकमधलं हे पान मागितलं आणि सगळीकडे जवळपास तेच चार-पाच नियम, तीच नात्यांची यादी. त्यामुळे हा रिव्ह्यू तुमच्याही कंपनीला बऱ्यापैकी लागू होईल असं धरून वाचा.

आमच्याकडे काय मिळतं ते आधी. जवळचं माणूस गेलं तर तीन दिवस भरपगारी रजा. जवळचं म्हणजे आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं, सख्खी भावंडं, आणि सासू-सासरे. रजा सलग घ्यायची, माणूस गेल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू करायची, आणि कंपनीच्या रजेच्या वेबसाइटवर, म्हणजे पोर्टलवर, पुरावा अपलोड करायचा. प्रोबेशनवर असाल तर नाही. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर नाहीच नाही.

जॉईन होताना हे पान कोण वाचतं? पगार, मेडिकल इन्शुरन्स, नोटीस पिरियड एवढं बघून आपण सही करतो, आणि जेव्हा हे पान उघडायची वेळ येते तेव्हा आपण वाचायच्या स्थितीत नसतो, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

माझा मामा गेला. मला त्यानेच वाढवलं, शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कायम त्याचीच असायची. पोर्टलवर रजा टाकायला गेले तर नात्यासाठी ड्रॉपडाऊन येतो, त्यात वर लिहिलेली नाती आणि बस. "इतर" असा पर्यायच नाही. नातं निवडल्याशिवाय पुढचं बटण चालू होत नाही, म्हणजे मला वडील असं खोटं लिहावं लागलं असतं किंवा रजा टाकताच आली नसती. मी मॅनेजरना फोन केला आणि नीट बोलताही येत नव्हतं, तर ते म्हणाले, "फॉर्मबिर्म राहू दे, तू आधी निघ. पोर्टलचं मी एचआरशी बोलतो, आणि परत येईपर्यंत लॅपटॉप उघडू नकोस." आणि त्यांनी खरंच एकही फोन केला नाही, टीममध्ये पण सांगून ठेवलं की हिला कुणी काही विचारायचं नाही. हा तो एक स्टार. हे कुठल्याही हँडबुकमध्ये लिहिलेलं नसतं आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

एचआरचं उत्तर मात्र मी परत आल्यावर मिळालं, की मामा पॉलिसीत बसत नाही, तुमच्या अर्न्ड लिव्हमधून ऍडजस्ट करतो. तोपर्यंत पेरोल, म्हणजे त्या महिन्याच्या पगाराचा हिशोब, बंद झालेला, त्यामुळे ते ऍडजस्ट पण झालं नाही आणि पेस्लिपवर एलओपी असा कॉलम भरून आला, म्हणजे पगार कापला. मॅनेजरनी वरपर्यंत मेल टाकून अपवाद म्हणून मंजूर करून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पैसे परत आले. पैसे आले हे चांगलंच झालं, पण ज्याचा मॅनेजर असा भांडणार नाही त्याचं काय? रजा हक्काची असेल तर ती चांगला साहेब मिळण्यावर अवलंबून असू नये एवढंच माझं म्हणणं आहे आणि ह्या रिव्ह्यूमधली माझी मुख्य तक्रार हीच.

याच्यानंतर मी जरा शोधाशोध केली की दुसरीकडे हे कसं चालतं, आणि खूप काही शिकायला मिळालं म्हणून इथे टाकते.

आपल्याकडे, म्हणजे भारतात, खासगी नोकरीत माणूस गेल्यावर पगारी रजा द्यायलाच पाहिजे असा केंद्राचा कायदा नाही, कंपनी देईल ती रजा, नाहीतर सीएल (किरकोळ रजा) किंवा ईएल (साठलेली अर्न्ड लिव्ह) वापरा. अमेरिकेत पण देशपातळीवर खासगी नोकरदारांसाठी असा कायदा नाही, राज्यं आपापलं बघतात. कॅलिफोर्नियात २०२३ पासून पाच दिवसांची रजा द्यावीच लागते, पण ती पगारी असेलच असं नाही, कंपनीच्या पॉलिसीत पगार नसेल तर आपल्या साठलेल्या रजा वापरायच्या. म्हणजे पाच हा आकडा तीनपेक्षा मोठा दिसतो पण पगाराच्या बाबतीत आमच्या कंपनीचे तीनच बरे. मात्र कॅलिफोर्नियाच्या नियमात एक गोष्ट मला फारच आवडली, ते पाच दिवस सलग घ्यावे लागत नाहीत, माणूस गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुटे सुटे घेतले तरी चालतात.

हे सलगचं प्रकरण ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. अंत्यसंस्काराचे पहिले दोन-तीन दिवस तर घर माणसांनी भरलेलं असतं, कामं करायला दहा हात असतात. खरी धावपळ नंतर सुरू होते. मृत्यूचा दाखला काढा, बँकेत जा, तिथे सांगतात नॉमिनीची सही जुळत नाही, इन्शुरन्सवाले मूळ कागद मागतात, विजेचं बिल कुणाच्या नावावर करायचं, फोनचं सिम बंद करायचं की ठेवायचं कारण सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आणि ही सगळी ऑफिसं आपल्या ऑफिसच्या वेळेतच उघडी असतात. तेव्हा रजा संपलेली असते. मामीला घेऊन बँकेत मी अर्धी अर्धी सुट्टी टाकून गेले, एकेका सहीसाठी. तीनच दिवस द्या पण सुटे घेऊ द्या, कंपनीला एका पैशाचा जास्त खर्च नाही त्यात.

कॅनडात केंद्राच्या अखत्यारीतल्या नोकऱ्यांना, म्हणजे बँका, विमान कंपन्या वगैरे, २०२१ पासून दहा दिवसांपर्यंत रजा आहे, त्यातले पहिले तीन पगारी, अट एवढीच की नोकरीला सलग तीन महिने झालेले पाहिजेत. आणि मुदत माणूस गेला त्या दिवसापासून सुरू होऊन अंत्यसंस्कार किंवा शोकसभा जे शेवटी असेल त्याच्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत चालते. आमच्या सात दिवसांच्या नियमाशी हे ताडून बघा. कुणी परदेशात वारलं आणि पार्थिव आणायलाच आठवडा लागला, किंवा पोस्टमॉर्टेममुळे उशीर झाला, तर आमच्याकडे अंत्यसंस्काराच्या आधीच रजेची मुदत संपते.

नात्यांच्या यादीबद्दल तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. कॅनडाच्या यादीत नात्यांच्या शेवटी एक ओळ आहे की तुमच्या घरात कायमचा राहणारा कुठलाही नातेवाईक. ऑस्ट्रेलियात दोनच दिवस मिळतात पण तिथे कुटुंबातलं माणूस किंवा एका घरात राहणारं माणूस, नात्याचं असो नसो, दोन्ही चालतात. आणि न्यूझीलंडचं तर मला सगळ्यात पटलं. तिथे आई, वडील, जोडीदार, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, सासू-सासरे यांच्यासाठी प्रत्येक मृत्यूमागे तीन दिवस पगारी, आणि यादीबाहेरचं कुणी असेल तर एक दिवस, फक्त तेव्हा मालकाने बघायचं की कर्मचाऱ्याचं गेलेल्या माणसाशी नातं किती जवळचं होतं, अंत्यसंस्काराची जबाबदारी कर्मचाऱ्यावर किती होती. म्हणजे मामा असो, शेजारचे काका असोत की जिवलग मैत्रीण, प्रश्न विचारायची सोय तरी आहे. आमच्या ड्रॉपडाऊनला प्रश्नच विचारता येत नाही.

न्यूझीलंडमध्ये अजून दोन गोष्टी. एक, ही रजा प्रत्येक मृत्यूला वेगळी आहे, वर्षाचा कोटा नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या कंपनीत वर्षाला एकदाच मिळते, तिचे आई-वडील एकाच वर्षात गेले आणि वडिलांच्या वेळी तिला सिस्टीमने शिल्लक शून्य दाखवलं. हे वाचताना तुम्हाला जसं वाटतंय तसंच मलाही ऐकताना वाटलं. दक्षिण आफ्रिकेतही वर्षाला तीन दिवस असतात आणि ते मुलाच्या आजारपणासाठी पण तेच, म्हणजे मूल आधी तापाने आजारी पडलं की तेवढे दिवस गेले. दुसरी गोष्ट, २०२१ मध्ये न्यूझीलंडने नैसर्गिक गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्माला आलं तर आई आणि तिचा जोडीदार दोघांनाही ही तीन दिवसांची पगारी रजा लागू केली. आपल्याकडे गर्भपात झाल्यावर आईला कायद्याने वैद्यकीय दाखल्यावर सहा आठवड्यांची रजा आहे, पण बापाला? आमच्या टीममधला एक जण दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता, आम्हाला महिन्यांनंतर कळलं.

ब्रिटनमधली गोष्ट वाचून मी बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही. तिथे लूसी हर्ड नावाच्या बाईंचा जॅक हा मुलगा २०१० मध्ये बुडून गेला, दोन वर्षांचाही झाला नव्हता. त्याच्या वडिलांना कामावरून तीन दिवस मिळाले आणि त्यातला एक दिवस अंत्यसंस्काराचा धरलेला. त्या बाईंनी तिथून जी मोहीम सुरू केली ती दहा वर्षं चालली आणि एप्रिल २०२० पासून तिथे अठरा वर्षांखालचं मूल गेलं किंवा चोवीस आठवड्यांनंतर बाळ मृत जन्माला आलं तर आई-वडिलांना दोन आठवडे रजेचा हक्क मिळाला, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. लोक त्याला जॅकचा कायदा म्हणतात. ती रजा एक एक आठवडा वेगळी घेता येते आणि ५६ आठवड्यांच्या आत कधीही, म्हणजे पहिल्या वर्षदिनापर्यंत पुरेल असा हिशोब आहे. ज्याने कुणी तो आकडा ठरवला त्याला दुःख कसं असतं ते माहीत असणार. पगाराचा भाग मात्र तितका चांगला नाही, त्यासाठी सव्वीस आठवडे नोकरी झालेली लागते आणि मिळतो तो ठराविक आठवडी दर किंवा सरासरी पगाराच्या नव्वद टक्के, यातलं जे कमी असेल ते. पूर्ण पगार नव्हे.

यावरून आठवलं, भरपगारी म्हणजे नक्की कुठला पगार हे पण विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात ह्या रजेला मूळ दराने पैसे मिळतात, ओव्हरटाईम, बोनस, भत्ते त्यात धरत नाहीत. आमच्याकडे महिन्याचा पगार असलेल्यांना काही फरक पडत नाही पण शिफ्टवाल्यांना नाईट अलाउन्स कापला जातो आणि सेल्सवाल्यांचं टार्गेट तेवढंच राहतं, रजेच्या दिवसांचं कमी होत नाही. हे पॉलिसीत कुठेच लिहिलेलं नाही, पेस्लिप हातात आल्यावरच कळतं.

आता पुराव्याबद्दल. पोर्टलवर डेथ सर्टिफिकेटची फाईल जोडल्याशिवाय रजा सबमिटच होत नाही. अहो, तो दाखला इतक्या लवकर हातात येतो का? अंत्यसंस्काराच्या वेळी आपल्याकडे असतो तो हॉस्पिटलचा कागद आणि अंत्यसंस्काराची पावती, बाकी सगळं नंतर. मी पावतीचा फोटो टाकला तर सिस्टीम म्हणते फाईल फक्त पीडीएफ. घरात माणसं बसलेली आणि मी एका कोपऱ्यात फोटोचं पीडीएफ करत होते, कारण रजा "अनधिकृत गैरहजेरी" म्हणून लागेल असा ऑटो मेल येऊन पडला होता. तो मेल ज्याने लिहिलाय त्याला माझी मनापासून विनंती आहे की ती भाषा बदला. पुरावा मागायला माझी हरकत नाही, कुणी खोटं बोलून रजा घेत असेल तर ते थांबलंच पाहिजे, पण पुरावा नंतर घ्या ना. कॅलिफोर्नियात कंपनीने मागितला तर रजेच्या पहिल्या दिवसापासून तीस दिवसांत द्यायचा आणि कंपनीने तो गोपनीय ठेवायचा असं कायद्यातच आहे, आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता पण चालते.

सँडविच रूलबद्दल एकच वाक्य, मध्ये शनिवार-रविवार आला तर तो पण तीन दिवसांत मोजतात, म्हणजे शुक्रवारी कुणी गेलं तर तुमची रजा रविवारी संपली आणि सोमवारी तुम्ही डेस्कवर. एचआरला हे दाखवलं तेव्हा त्यांनाही धक्का बसला, म्हणाल्या सिस्टीम असं मोजते हे आम्हालाच माहीत नव्हतं.

काउन्सेलिंगची हेल्पलाईन पण आहे आमच्याकडे, मोफत, ती खरंच चांगली आहे, समोरच्या बाई घाई करत नाहीत. नंबर मात्र हँडबुकच्या शेवटच्या पानावर आहे, रजा मंजूर झाल्याच्या मेलमध्ये टाकला तर जास्त लोकांना कळेल.

आणि आता कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं. आमच्या मजल्यावर हाऊसकीपिंगला एक मावशी आहेत, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणतो. त्यांचा भाऊ गेला तेव्हा त्या दोन दिवस आल्या नाहीत आणि त्या दोन दिवसांची मजुरी कापली गेली, वर एजन्सीच्या सुपरवायझरने विचारलं बदली माणूस का नाही दिला. त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्हाला सुट्टी असते व्हय त्याची?" मला काय उत्तर द्यावं कळेना. एकाच मजल्यावर, एकाच बाथरूमचा आरसा बघणारी आम्ही माणसं, आणि ज्यांना पगार कापलेला सगळ्यात कमी परवडतो त्यांनाच ही रजा नाही. दोन स्टार कापलेत ते इथे. एक नात्यांच्या यादीला आणि एक ह्याला. सँडविच, सलग, पीडीएफ हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये एका दुपारीत दुरुस्त होईल, पण कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी कुणीतरी एजन्सीशी करार करताना ती अट घालायला पाहिजे, आणि ते करणं कंपनीच्याच हातात आहे.

मोठ्या कंपन्यांना जमतं हे पण दिसलंय. फेसबुकने २०१७ मध्ये जवळच्या नातेवाईकासाठी पगारी वीस दिवसांपर्यंत आणि लांबच्या नातेवाईकासाठी दहा दिवसांपर्यंत रजा केली, आधीच्या दुप्पट. तेव्हा तिथल्या सीओओ, म्हणजे कामकाजाच्या प्रमुख, शेरिल सँडबर्ग होत्या, त्यांचे पती २०१५ मध्ये अचानक गेले होते आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं होतं. म्हणजे वर बसलेल्या माणसाने स्वतः भोगलं तेव्हा आकडा बदलला. सगळ्या कंपन्यांत तेवढी वाट बघायला नको, आणि वीस दिवस सगळ्यांना परवडणार नाहीत हेही मला मान्य आहे. तैवानमध्ये कायद्यानेच आई, वडील किंवा जोडीदार गेला तर आठ दिवस, मुलं, आजी-आजोबा किंवा सासू-सासरे गेले तर सहा दिवस, भावंडांसाठी तीन दिवस अशी पूर्ण पगारी रजा आहे. ब्राझीलमध्ये दोनच दिवस, तेही सलग. तेव्हा तीन दिवस हा काही जगातला वाईट आकडा नाही, मला आकड्याबद्दल फारशी तक्रार नाहीच.

तुम्ही नवीन ठिकाणी जॉईन होत असाल तर ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एचआरला एक साधा मेल टाका. यादीत कोण कोण आहे, आजी-आजोबा आहेत का, दिवस कामाचे मोजता की कॅलेंडरचे, सुटे घेता येतात का, प्रोबेशनमध्ये लागू आहे का, पुरावा कधीपर्यंत द्यायचा. विचारायला कसंतरी वाटतं, मरणाचं कशाला आत्ता असं घरचेही म्हणतील, पण लेखी उत्तर हातात असलं की पुढे कुणाच्या दयेवर राहावं लागत नाही. आधीच नोकरीत असाल तर तुमच्या पोर्टलचा तो ड्रॉपडाऊन आजच उघडून बघा.

मी हे सगळं मुद्दे करून एचआरला पाठवलं, सोबत टीममधल्या बऱ्याच जणांनी आपापली नावं घातली. आत्तापर्यंत झालेला बदल: ड्रॉपडाऊनमध्ये आजी-आजोबा आले, शेवटी "इतर" आलं आणि त्याच्यासमोर दोन ओळी लिहायची जागा आहे, मंजुरी मॅनेजर देऊ शकतो. पुरावा तीस दिवसांत दिला तरी चालतो. ऑटो मेल बंद केलाय. शनिवार-रविवारचं काम सॉफ्टवेअरवाल्यांकडे आहे. सुटे दिवस देण्याबद्दल फायनान्सचं मत मागवलंय असं उत्तर आलंय. प्रोबेशन आणि एजन्सीच्या लोकांबद्दल मात्र अजून काहीच लेखी आलेलं नाही, मी दर महिन्याला विचारते. तेवढं झालं की रेटिंग वाढवीन.